एका बाहीचा चिखलकोट

आचल नान्हेला नको त्या वेळी तोंड उघडायची सवय होती, आणि आफ्रिका तिच्या आयुष्यात आली ती याच सवयीपायी.

साल दोन हजार सहा, फेब्रुवारी महिना. चंद्रपूरच्या एका महिला पॉलिटेक्निकात आचल ड्रेस डिझायनिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वझलवार मॅडम वर्गात आल्या, फळ्यावर शेवटच्या प्रकल्पाचा विषय लिहिला, 'परंपरा नव्या रूपात', आणि हाताचा खडू झटकत म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. पैठणीचे तुकडे लावलेलं जॅकेट या वर्षी कोणी दाखवायचं नाही. मागच्या वर्षी मोर पाहून पाहून माझे डोळे गेले. आपल्या घरात काय आहे तिथून सुरुवात करा. सांगा एकेक जण."

नागभीडची मुलगी म्हणाली, आमच्याकडे कोशाच्या रेशमाचं कापड विणतात. आचलची खोलीतली जोडीदारीण रूही घुग्घुसची. ती म्हणाली, अब्बा खाणीतल्या लोकांचे युनिफॉर्म शिवतात, मी जुन्या खाकीचं काहीतरी करीन. पाळी बाकामागून बाक सरकत आचलकडे येऊ लागली. तिचे बाबा इस्तारी नान्हे वडशाच्या पुढे शिवणटोल्याच्या तलावात, तिकडच्या भाषेत बोडीत, मासे धरत. आई ताराबाई ते मासे टोपलीत घालून वडशाच्या बाजारात नेई. वर्गात मात्र आचलने दोन वर्षं एवढंच सांगून भागवलं होतं की बाबांचा बिझनेस आहे. बिझनेस मरळ आणि झिंग्यांचा आहे हे तिने सांगितलं नव्हतं, आणि सुदैवाने कोणी विचारलंही नव्हतं.

"आचल?"

"मॅडम, मी आफ्रिकेवर करते."

सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. सगळ्यात जास्त धक्का आचललाच बसला होता.

"आफ्रिका मोठी आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यात कुठे?"

आदल्या दिवशी ती वाचनालयात कूलरच्या पुढ्यात बसली होती. वाचायला नव्हे, हवा खायला. तिथे एक फाटकं परदेशी मासिक चाळताना काळ्या कापडावर पांढऱ्या रेघोट्या असलेलं वस्त्र ल्यालेली एक बाई तिने पाहिली होती. फोटोखाली देशाचं नाव होतं. "माली," ती म्हणाली.

"कोणता माळी?" रूही कानाशी कुजबुजली. "वांगेवाला?"

पण मॅडमचा चेहरा उजळला. "वा! याला म्हणतात प्रयोगशील," त्या म्हणाल्या. झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग आचलला 'प्रयोगशील' म्हणू लागला. जेवणाच्या रांगेत मेसच्या बाईसुद्धा विचारू लागल्या, "प्रयोगशील, भात वाढू का?"

लेख चार पानांचा होता, इंग्रजीत. आचलने त्याची झेरॉक्स काढली आणि ज्या दोन पानांवर फोटो होते ती मोठ्या निष्ठेने वाचली. बाकीच्या दोन पानांवर नुसती अक्षरं होती, म्हणून ती वहीत घडी करून ठेवली. वाचलेल्या पानांतून कळलं ते असं : तिथल्या बाया तळ्याच्या तळाचा चिखल काढतात, मडक्यात घालून तो वर्षभर आंबवतात, आणि त्या चिखलाने कापडावर नक्षी काढतात.

हे वाचून ती झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसून राहिली. तलाव लपवायला ती बिचारी आफ्रिकेत पळाली होती, आणि आफ्रिकेने कान धरून तिला परत तलावाच्या काठावर आणून उभं केलं होतं. वर्षभर आंबवायला तिच्याकडे वेळ नव्हता. पण शिवणटोल्याचा तलाव राजेलोकांच्या काळातला. त्याच्या बुडाचा चिखल तेव्हापासून आंबतच आहे, आणखी काय आंबवायचं, असा हिशेब करून, दहा दिवसांची सुट्टी घेऊन तिने शनिवारी गाडी पकडली.

घरी आल्या आल्या तिने फावडं घेतलं आणि घमेलं भरून काळा चिखल अंगणात आणून ओतला. ताराबाई बाजारातून आली ती दारातच थांबली.

"एवढा चिखल कशाले वं?"

"कापडाले लावाचा हाय, आई. कॉलेजचं काम हाय."

ताराबाईने डोक्यावरची टोपली हळूच खाली ठेवली. "माहा जलम गेला तुह्या बापाच्या कपड्याचा चिखल काढता काढता. आन् तू चंद्रपूरले राहून चिखल लावाले शिकून राह्यली?"

कॉलेजात आचलची भाषा इस्त्रीची असे. घरात आलं की इस्त्री मोडायची. पण त्या दिवशी आईला समजवायला तिने मुद्दाम कॉलेजची भाषा काढली. परंपरा, प्रयोग, वस्त्रकला, असं बरंच बोलली. ताराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवली का?"

पहिल्या प्रयोगाला टोल्यावरची निम्मी वस्ती जमली. कोऱ्या मांजरपाटावर आचलने काडीने चिखलाच्या रेघोट्या ओढल्या, झेरॉक्समधल्या फोटोबरहुकूम. कापड उन्हात वाळवलं. चिखल कडक झाला. शेजारपाजारच्या बायांसमोर तिने ते तलावात बुडवलं, आणि जादूगार रुमाल उघडतो तसं झटकन वर काढलं.

चिखल तलावाचा होता, तो तलावात गेला. कापडावर राहिले दोन-चार पिवळट डाग, लहान पोराच्या दुपट्यावर असतात तसे.

कोणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. इस्तारी काठावर जाळ्याची गाठ मारत बसला होता. त्याने मान वर करून खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "ते माली का काय, तिथले लोक कपडे धूतच नाई का?"

त्या संध्याकाळी आचलने घडी घातलेली दोन पानं उघडली. शब्दकोश घेऊन तिसरं पान वाचलं. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की कापड आधी एका झाडाच्या पाल्याच्या काढ्यात भिजवावं लागतं. त्याशिवाय चिखलाचा रंग धरत नाही. पानावर फोटो असता तर हे चार दिवस आधी कळलं असतं.

झाडाचं नाव लॅटिनमध्ये होतं आणि ते शब्दकोशात नव्हतं. आचलने ते पाठ केलं, कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी ती वडशाला निघाली. वाटेत काळीपिवळी पंक्चर झाली ती नेमकी वनखात्याच्या रोपवाटिकेपाशी. सावली शोधत ती आत शिरली. तिथे झाडांना पत्र्याच्या पाट्या ठोकलेल्या. साग, ऐन, बिजा, आणि त्याच्या पुढे 'धावडा'. खाली लॅटिन नाव. त्या नावाचा पहिला शब्द मासिकातलाच होता, दुसरा वेगळा. म्हणजे आडनाव एक, नाव निराळं. मालीतलं ते झाड आणि हा धावडा चुलतभाऊ निघाले.

आचल मोठ्याने "अरे बाप!" म्हणाली. रोपांना पाणी घालणारा माणूस धावत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

धावडा म्हणजे काही दुर्मिळ वनस्पती नव्हे. तलावाच्या मागच्या जंगलात पावलोपावली उभा. तिने पोतंभर पाला आणला आणि आईच्या भाताच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळायला ठेवला. त्यावरून घरात जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. गंज पुढे कायमचा पिवळा राहिला, एवढंच सांगून पुरे. पण कापडही हळदीसारखं पिवळं झालं, आणि त्यावर चिखलाची एक साधी रेघ ओढताच ती डोळ्यांदेखत काळी पडू लागली. तिने वाळवलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाळवलं. धुवायला एकटीच गेली, प्रेक्षक न बोलावता. चिखल वाहून गेला आणि खाली तव्याच्या बुडासारखा काळा रंग तसाच राहिला. तिने चोळला, आपटला, पण तो जाईना. मग ती गुडघाभर पाण्यात एकटीच नाचली. पलीकडे म्हशी डुंबत होत्या, त्यांनी तेवढं पाहिलं.

आता ती शहाणी झाली होती, म्हणून चौथं पानही वाचलं. त्यात होतं की त्या रेघोट्या नुसत्या शोभेच्या नसतात. एखादी मगरीची असते, एखादी जुन्या लढाईची. आई लेकीला त्यांचे अर्थ सांगते. आचलने कपाळावर हात मारला. पहिल्या कापडावर आपण काय लिहून बसलो होतो कोण जाणे. कोणाला शिवी दिली असेल, किंवा कोणाच्या लग्नाचं आमंत्रण. ते सगळं धुऊन गेलं ते बरंच झालं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. कोटासाठी घेतलेल्या नव्या कापडावर तिने तिकडचं एकही चिन्ह काढलं नाही. आपल्याला ज्याचा अर्थ माहीत आहे तेच काढायचं ठरवलं. पण तसं फारसं काही निघेना. शेवटी जाळ्याचे डोळे काढले, आणि दोन शिंगांचे शिंगाडे, ओळीने.

"हे काय, बैलाचे मुंडके?" ताराबाईने विचारलं.

"शिंगाडे हायेत."

"असे?" ताराबाई म्हणाली. बराच वेळ पाहून पुन्हा म्हणाली, "असे?"

बकरीचं मत मात्र चांगलं होतं. धावड्याचा पाला म्हणजे बकरीचा जीव की प्राण. काढ्यात मुरलेलं कापड दोरीवर वाळत होतं, त्यातला बाहीसाठी ठेवलेला पट्टा शेजारच्या लटारूभाऊंच्या बकरीने दुपारच्या दुपारी खाल्ला. आचल धावली तेव्हा तिच्या तोंडाबाहेर एक शिंगाडा तेवढा लोंबत होता.

नवा पट्टा रंगवायला सुट्टी उरली नव्हती. जेवढं कापड तयार होतं तेवढं, आणि डागडुजीला पोत्यात थोडा चिखल, असं घेऊन ती वडशाला गाडीत बसली. नागभीडच्या पुढे टीसी आला.

"पोत्यात काय हाय? मच्छी?"

"नाही. चिखल आहे."

टीसीने तिच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. "काऊन? चंद्रपुरात चिखल नाई भेटत?"

"हा आंबवलेला आहे."

टीसी पुढच्या डब्यात गेला. तिचं तिकीट पाहायचंही विसरला.

हॉस्टेलात रूहीने कापड हातात घेतलं, उलटसुलट केलं, नाकाशी नेलं आणि झटक्यात दूर धरलं. "यार आचल, कपडा मस्त है, लेकिन ये मरेला क्यों बास मार रहा है?" तरी शिवायला तीच बसली. आचलची शिलाई अशी की मॅडम तिला 'मुक्तछंद' म्हणत. घोट्यापर्यंतचा कोट झाला, ताठ खांद्यांचा, आणि बाही एकच. मॅडमनी तो पाहिला तेव्हा दोघी बाजूला उभ्या होत्या.

"एकच बाही," मॅडम म्हणाल्या. "फार धाडसी विचार आहे. काय मांडायचंय तुला यातून?"

बकरीचं नाव आचलच्या ओठावर आलं होतं. "अपूर्णता, मॅडम," ती म्हणाली.

कार्यक्रम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी. सभागृह भाड्याचं, चार कूलर, आणि परीक्षक म्हणून मुंबईहून आलेल्या एक नामवंत डिझायनर. त्यांचं नाव कात्यायनी परुळकर. त्यांना हवा लागावी म्हणून दोन कूलर त्यांच्याच तोंडावर लावले होते. रूही कोट घालून पडद्यामागे उभी होती. आचल माईकपाशी, हातात भाषण. भाषणात 'खंड', 'आदिम' आणि 'संवाद' हे शब्द तीन-तीनदा होते.

रूही निघाली आणि वीज गेली. साऱ्या महाराष्ट्राला दिवे पुरवणाऱ्या चंद्रपुरात त्या वर्षी रोजचंच भारनियमन होतं. कूलर गरगरत थांबले. जनरेटरवर एक माईक आणि दोन दिवे एवढंच चाललं. गाणं बंद. रूही तशीच चालत राहिली, कारण थांबायचं कुठे ते कोणी शिकवलं नव्हतं.

बाहेर उन्हाने रस्ता मऊ झाला होता. आत पत्र्याखाली तीनशे माणसं. रूहीला घाम सुटला, कोट अंगावर ओला झाला, आणि ओला होताच तो बोलायला लागला. आधी पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांनी रुमाल काढला. मग दुसऱ्या रांगेने. कापडाच्या घड्यांत राहून गेलेला चिखल सुटून रूहीच्या मागे खपल्यांची रांग पडत चालली. आचलने कोट धुतला होता, पण चिखलाबरोबर रंगही जाईल ही पहिल्या प्रयोगाची भीती मनातून गेली नव्हती, म्हणून अर्धवटच धुतला होता.

कात्यायनीबाईंनी हात वर केला. "हा जो वास येतोय, तो तुमच्या डिझाइनचा भाग आहे का?"

आचलच्या हातात माईक होता. ही वेळ नको ते बोलायची होती, आणि ती बोलली. "हो मॅडम. मालीच्या प्राचीन जलाशयांचा गंध आम्ही जाणीवपूर्वक..."

"अरे!" सभागृहाच्या अगदी मागून आवाज आला. पंखे नाहीत, गाणं नाही, त्यामुळे तो टोकापर्यंत ऐकू गेला. "हा तं आपल्या बोडीचा वास हाय!"

तिने ओळखलं. शेवटच्या रांगेत, खांद्यावर दुपट्टा टाकून, इस्तारी उभा होता. मच्छीमार सोसायटीच्या कामाने तो चंद्रपूरला आला होता. लेकीला भेटावं म्हणून कॉलेजात गेला, तर वॉचमनने इकडे पाठवलं. त्याला टिंगल करायची नव्हती. मोठ्या शहरात, अनोळखी माणसांत, ओळखीचा वास आला म्हणून त्याला निखळ आनंद झाला होता.

हशा पिकला. आधी मागच्या रांगांत, मग पुढे सरकत सरकत प्राचार्यांपर्यंत. रूही मधोमध उभी राहिली, तिलाही हसू आवरेना. आचलच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पडदा दोन पावलांवर होता. मागे सरकलं की संपलं. पण तिला दिसलं की लोक हसताहेत हे पाहून बाबाही हसताहेत, आणि का हसताहेत ते त्यांना कळलेलं नाही. आणखी थोड्या वेळाने कळेल, आणि ते खाली बसतील.

तिने भाषणाचा कागद उलटा केला.

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "मासे धरतात. आणि ते बरोबर सांगतायत. चिखल आमच्या शिवणटोल्याच्या बोडीचा आहे. रंगवायची रीत मालीची आहे, ती मी मासिकात पाहून उचलली, तीही पहिल्यांदा चुकली, कारण मी फोटोवालीच पानं वाचली होती. चित्रं शिंगाड्यांची आहेत. बैलाची मुंडकी नाहीत. आणि दुसरी बाही अपूर्णता वगैरे नाही, ती बकरीने खाल्ली."

आता हशा वेगळा होता. कात्यायनीबाई उठून रूहीपाशी गेल्या, चष्मा लावून कापड पाहिलं, नखाने रंग खरवडून पाहिला. वास घेतला नाही, तो आपोआप येतच होता.

"हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

याचं उत्तर आचलकडे होतं, पण बाबा ऐकत होते. 

पहिलं बक्षीस मोराला गेलं. मॅडमनी सांगूनही एकीने पैठणीचं जॅकेट केलंच होतं, आणि खरं सांगायचं तर ते सुरेख होतं. आचलला काही मिळालं नाही. शेऱ्यात लिहिलं होतं, 'कल्पना चांगली, धुणे कमी.' जाताना कात्यायनीबाईंनी तेवढं सांगितलं, की वास पूर्ण गेलेल्या दोन ओढण्या करून पाठव, आवडल्या तर आणखी बोलू. आणि सोबत ती रीत कुठली, कोणाची, ते चिठ्ठीवर नीट लिही.

संध्याकाळच्या गाडीने इस्तारी परत निघाला. फलाटावर दोघांनी आलुबोंडे खाल्ले. नंतर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत इस्तारी विचारात पडला.

"मी बोललो ते चुकलं का वं?"

"नाई बाबा."

"मले वाटलं, तुले बरं वाटन. आपल्या गावचा हाय म्हून."

 आचलने त्यांच्या हातातली रिकामी पुडी घेऊन कचऱ्याच्या टोपलीत टाकली, आणि येताना पाण्याची बाटली भरून आणली.

"ते मालीतले लोक," इस्तारीने मग विचारलं, "भात खातेत का?"

"माहीत नाई."

"मासे?"

"खात असतीन. माहीत नाई, बाबा. मले त्यायचं काहीच माहीत नाई." हे म्हणताना तिला हसू आलं. दोन महिने ती आफ्रिकेची तज्ज्ञ म्हणून हिंडली होती, आणि पहिला साधा प्रश्न आला तोच बापाकडून.

"मंग ते ओढण्या कराच्या पह्यले वाचून घे," इस्तारी म्हणाला. "आपल्या बोडीत कोणी उतरला तं आपण इचारतो ना, कोण रे तू म्हून."

गाडी आली. तो खिडकीशी बसला आणि गाडी हलल्यावर त्याला एकदम काहीतरी आठवलं. डोकं बाहेर काढून तो ओरडला, "त्या रूहीले सांग, भेऊ नको म्हणा! वास जाते दोन दिवसात!"

आचलने रूहीला निरोप दिला. रूहीने तीनदा केस धुतले आणि दोन दिवस विश्वासाने वाट पाहिली. पुढच्या रविवारी ती घुग्घुसला घरी गेली, तर दारातच तिच्या अम्मीने विचारलं, "बेटा, बाजारातून मच्छी आणली का?"